पार्सल लॉकर कुठे लावायचे? आधी वॉचमनची केबिन बघा

पुण्यात ५० पार्सल लॉकर (कुरिअरवाला पार्सल ठेवून जातो आणि गिऱ्हाईक ओटीपीने कप्पा उघडून घेऊन जातं, ती कपाटं), प्रत्येकात ६० कप्पे, आणि नकाशावर एकेक किलोमीटरचे गोल काढून जागा ठरवायच्या, असं तुम्ही विचारलंय. गोल काढू नका. सिंहगड रस्ता आणि कर्वेनगर एकाच गोलात बसतात, पण मधे मुठा आहे. चार्जरच्या पार्सलसाठी राजाराम पूल ओलांडून कोण येतंय? अंतर पायी चालण्याचं मोजा, तेही रोजच्या वाटेवरचं. सिंगापूरने सरकारी पुढाकाराने लॉकरचं जाळं उभं केलं तेव्हा एचडीबीच्या, म्हणजे तिथल्या सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या, इमारतींपासून २५० मीटर हा हिशोब धरला होता. शिवाय ते लॉकर कुठल्याही कुरिअरला खुले. तुमचे फक्त एकाच कंपनीचे असतील, तर इतकी दाट मांडणी परवडणार नाही.

आता खरी गोम. ६० कप्पे म्हणजे रोज ६० पार्सलं नव्हेत. पार्सल सरासरी दोन दिवस पडून राहिलं तर रोज ३०च मावतात, तीन दिवस राहिलं तर २०. त्यात मोठे कप्पे आधी भरतात आणि छोटे रिकामे राहतात, म्हणजे प्रत्यक्षात त्याहूनही कमी. रिटर्नची पार्सलं कप्पे अडवतात ती वेगळीच. म्हणून जागेइतकंच लक्ष उचलण्याच्या वेळेकडे द्या. हिंजवडीतल्या ऑफिसांजवळचा लॉकर कागदावर छान दिसतो. पण शुक्रवारी दुपारी टाकलेलं पार्सल सोमवारपर्यंत हलत नाही, आणि घरून काम असेल तर बुधवारपर्यंत.

पोलंडमधल्या इनपोस्ट या लॉकर कंपनीचं उदाहरण सगळेच देतात. २००९पासून त्यांनी दुकानांबाहेर, पेट्रोल पंपांवर असे हजारो लॉकर लावले. पण तिथे लॉकरवर मागवणं घरपोच डिलिव्हरीपेक्षा स्वस्त पडतं. आपल्याकडे घरपोच बहुतेकदा फुकट, आणि गेटवर वॉचमनची केबिन हा आयता लॉकर! त्याच्याशी स्पर्धा करू नका. जिथे वॉचमन नाही तिथे जा: पेठांमधल्या जुन्या इमारती, दोघंही नोकरीला जाणारी घरं, कर्वेनगरातली मुलींची हॉस्टेलं. कॅश ऑन डिलिव्हरीवाल्यांसाठी पैसे भरल्यावरच कप्पा उघडेल अशी यूपीआयची सोय आधीच करून घ्या, नाहीतर ते गिऱ्हाईक हातचं गेलं.

एक जुनी जखम सांगतो. मी पूर्वी जिथे होतो तिथे आम्ही एका मॉलच्या बेसमेंटमधे लॉकर लावला. भाडं कमी, पार्किंग शेजारीच, सगळे खूश. फक्त खाली मोबाईलला रेंज नव्हती. लोक ओटीपीसाठी जिना चढून वर जायचे आणि खाली येईपर्यंत त्याची मुदत संपायची. तेव्हा जागा पाहायला जाताना दोन-तीन कंपन्यांची सिमं खिशात ठेवा. पावसाची झड कुठून येते तेही बघा. विजेच्या मीटरसाठी सोसायटीच्या मागे धावायचं नसेल तर जर्मनीतल्या डीएचएलसारखं बिनस्क्रीनचं, ॲपवरून ब्लूटूथने उघडणारं यंत्र बघा. त्यातली काही सौर पॅनलवर चालतात.

५० एकदम लावू नका. आधी पाच, तेही एकाच भागात, म्हणजे डिलिव्हरीवाल्याची एक फेरी खरंच वाचते का ते कळेल. तुमच्या हबकडे, म्हणजे जिथून पार्सलं वाटायला निघतात तिथे, ‘घरी कोणी नाही’ म्हणून परत आलेल्या पार्सलांची नोंद असेलच. तीन महिन्यांची यादी सोसायटीवार काढा, नावं-नंबर गाळा आणि इथे टाका. पहिल्या पाच जागा त्यावरूनच शोधू.