पैसे चुकते केले तरी डेव्हलपर सोर्स कोड का देत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंदूरला सियागंजातल्या घरच्या दुकानासाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करून घेतलं, पैसे दिले, आता डेव्हलपर सोर्स कोड (प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, ज्यातून सॉफ्टवेअर बनतं) देत नाही. काय लपवतोय तो?

बहुतेक वेळा काही नाही. खास तुमच्यासाठी लिहिलेला कोड त्यात थोडाच असतो. जीएसटीचं राउंड-ऑफ, थर्मल प्रिंटरला जाणाऱ्या कमांड, बॅकअप हे सगळं आधीच्या गिऱ्हाइकांपासून चालत आलेलं, आणि उद्या शेजारच्या दुकानालाही तेच विकायचं असतं. ते फुकट कोण देईल? शिवाय रिपोर्टसाठी विकत घेतलेले घटक असतील, तर त्यांचा कोड पुढे द्यायला परवाना सहसा आड येतो.

दुसरं कारण कोणी तोंडाने सांगत नाही: कोड दाखवायच्या लायकीचा नसतो. कॉन्फिग फाइलमध्ये (सेटिंगच्या फाइलमध्ये) एसएमएस गेटवेची, म्हणजे मेसेज पाठवणाऱ्या सेवेची, गुप्त की आणि ईमेलचा पासवर्ड उघडा पडलेला. ती ओळ पुसली तरी गिटच्या (कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणारं साधन) जुन्या कमिटमध्ये, म्हणजे जुन्या नोंदीत, पासवर्ड तसाच राहतो; तो बदलावाच लागतो, आणि एकच की दहा दुकानांत वापरली असेल तर दहाही ठिकाणी.

कायदाही सहसा त्याच्याच बाजूने. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो. पगारी नोकराने कामाचा भाग म्हणून लिहिला तर हक्क मालकाचा. बाहेरच्याकडून करून घेतला आणि लेखी करार नसला, तर लिहिणाऱ्याचा. पैशांची पावती म्हणजे हक्क नव्हे. हक्क तुमच्या नावे करून घेण्याचा करार कराल तेव्हा हक्काची मुदतही लिहा, नाहीतर कलम 19 प्रमाणे 5 वर्षंच धरतात. मात्र जीपीएलचा (सोर्सही द्यावा अशी अट असलेला मुक्त परवाना) कोड मिसळून बनवलेली एक्झी, म्हणजे थेट चालणारी प्रोग्राम फाइल, त्याने तुम्हाला दिली असेल, तर तिचा सोर्स मागता येतो.

माझ्या मते कोडपेक्षा डेटासाठी अडून बसा. डेटाबेसचा ॲडमिन पासवर्ड आणि पूर्ण बॅकअप घ्या, दुसऱ्या कॉम्प्युटरवर रिस्टोअर करून शेवटचा बिल नंबर जुळतो का बघा. एसक्यूएल सर्व्हरचा (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस) बॅकअप जुन्या व्हर्जनवर चढत नाही, तेव्हा व्हर्जनही लिहून ठेवा. कोड मिळालाच, तर नुसती झिप घेऊन परत येऊ नका: तुमच्यासमोर तुमच्या मशीनवर त्याला बिल्ड करायला, म्हणजे कोडपासून चालतं सॉफ्टवेअर बनवायला, लावा आणि एक बिल छापून घ्या. एखादी लायब्ररी (कोडला लागणारा तयार भाग) राहिली असेल तर तिथल्या तिथे कळेल.