आवाज बसलेल्या मॅडमना

प्रिय मॅडम,

दचकू नकोस. चौथीत खिडकीपाशी बसून पेन्सिली कुरतडणाऱ्या पोरीला एकदा मॅडम म्हणून बघायचं होतं, म्हटलं. आता पुढे अरे-तुरेच.

नव्या शाळेत वर्ग आवरत नाही म्हणणारा तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला तेव्हा कुठे कळला, इतका घसा बसलाय. मीठ टाकून कोमट पाण्याच्या गुळण्या कर आणि उद्यापासून ‘गप्प बसा’ हे दोन शब्द बंद कर. दिवसातून चाळीस वेळा म्हटलं की त्याची पंख्याची घरघर होते. चालू असते, पण कुणाला ऐकू येत नाही. मला हे कळायला चार वर्षं आणि एक घशाचा डॉक्टर लागला. त्याऐवजी ठरावीक टाळी वाजव, पोरांनी ती परत वाजवायची. किंवा आवाज इतका खाली आण की पुढच्या रांगेला कान टवकारावे लागतील. मागची रांग मग पुढच्यांकडे बघून गप्प होते.

आता मुद्द्याचं. पोरं नेमकी कधी उधळतात, हे एक दिवस नुसतं बघ. मी सांगते काय दिसेल ते. परिपाठ संपवून वर्गात येताना, खिचडी खाऊन हात पुसत परत येताना, आणि तू मोबाइलमध्ये डोकं घातलेलं असताना. ही तिसरी वेळ आमच्या काळात नव्हती. आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या ग्रुपवर ‘माहिती तातडीने भरावी’ असं येतं आणि शिकवता शिकवता तू लिंक उघडतेस. पोरांना एवढंच दिसतं की बाई वर्गात नाहीत. मग तीही नसतात. ती माहिती सुट्टीत भर. कुणी ओरडलं तर ओरडू दे.

बाकीच्या दोन वेळांना वर्गात शिरायच्या आधी फळ्यावर काहीतरी लिहून ठेव. तिसरी आणि चौथी एकत्र आहेत तुझ्याकडे, म्हणजे एकीला शिकवताना दुसरी रिकामी, हे रोजचंच. रिकाम्या वर्गाला शिस्त लावता येत नाही, मलाही आली नाही. चार उदाहरणं, एखादं चित्र, शेजाऱ्याच्या पाच वस्तूंची यादी, काहीही चालेल, पण तुझ्याशिवाय करता येईल असं हवं. खिचडीनंतर मात्र गणित घेऊ नकोस. दहा मिनिटं गोष्ट वाचून दाखव आणि ऐन रंगात आली की थांब. दुसऱ्या दिवशी सगळी आपणहून जागेवर येऊन बसतात.

तो दाराशी बसणारा, सारखा उठणारा, उलट बोलणारा मुलगा. मेसेजचा निम्मा भाग त्याच्यावरच होता. सगळे तुला सांगतील, त्याला मॉनिटर कर, सुतासारखा सरळ होतो. मी करून पाहिलंय. माझ्या वर्गातला तसा मुलगा आठ दिवस सरळ झाला आणि बाकीच्यांना कळलं की दंगा केला की पद मिळतं. तसाही तो फळ्यावर ‘बोलणाऱ्यांची नावं’ लिहिणारा मॉनिटर मला कधीच आवडला नाही. पोरातला हवालदार आपणच तयार करतो.

माझी एक गोष्ट सांगते, कुणाला फारशी सांगितलेली नाही. १९९६ सालची. कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्यांचं गाव, दिवाळी झाली की निम्मे आईबाप साखर कारखान्याकडे. तिसरीतला एक मुलगा आजीपाशी राहिलेला. दर दहा मिनिटांनी उठायचा, दारापर्यंत जायचा, बाहेर डोकावून परत यायचा. दोन दिवस सांगितलं, तिसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर अंगठे धरायला लावले. पाचेक मिनिटं झाली असतील, अंगठे सोडून तो सरळ बाहेर चालायला लागला. मी मागे जाऊन पाठीत एक घातली. व्हरांड्यात, खांबाच्या आडोशाला, तीनेक वर्षांची पोर बसली होती. नाक गळतंय, हातात भाकरीचा तुकडा. आजी मजुरीला जायची, म्हणून धाकट्या बहिणीला तो रोज घेऊन यायचा आणि मला दिसणार नाही असं बसवायचा.

दुसऱ्या दिवशी तिला कडेवर घेऊन आला आणि बरोबर उंबऱ्यावर बसला. आतही नाही, बाहेरही नाही. मी त्याचं बस्कर दाराशी हलवलं, पोरीला एक पाटी दिली. त्यानंतर तो एकदाही उठला नाही. हे मी दोन मिनिटं बाहेर जाऊन पहिल्याच दिवशी पाहू शकले असते.

तेव्हा कायदा नव्हता, ही सबब मी देत नाही. आता तर आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ काढून स्वतः वाच. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई आहे. दुसरा भाग आपली मंडळी सोयीने विसरतात. ‘ढ’, ‘बापासारखाच निघाला’, हे छडीला हात न लावता होतं. गावात पालकही म्हणतील, ‘चांगलं बदडा मॅडम, आमची काही तक्रार नाही.’ हसायचं आणि विषय बदलायचा.

उलट बोलला तर तिथल्या तिथे हिशोब चुकता करायला जाऊ नकोस. तीस जोडी डोळे बघत असतात. त्याला माघार घेता येत नाही, तुलाही नाही. ‘आपण सुट्टीत बोलू’ एवढं म्हणायचं, शिकवणं पुढे न्यायचं, आणि सुट्टीत खरंच बोलायचं. विसरलीस तर पुढच्या वेळी ते वाक्य फुकट जातं. ‘हेडसरांकडे पाठवीन’ हेही तसंच. द्विशिक्षकी शाळेत हेडसर भिंतीपलीकडे पहिली-दुसरीला बाराखडी शिकवत असतात, हे पोरांना तुझ्याआधी माहीत आहे.

त्याच्या घरी जा, पण तक्रार घेऊन नाही. बाजाराच्या दिवशी गावात थांब, आई भेटली तर त्याची एक चांगली गोष्ट सांग. पहिल्यांदा मास्तरीण दारात आली की आईचा हात आधी मुलाच्या पाठीवर पडतो, काय केलंस म्हणून. ते होऊ द्यायचं नाही.

एक लक्षात ठेव. तुझं गावही कोयत्याचंच. दिवाळीनंतर काही पोरं जातील, काही हंगामी वसतिगृहात राहतील, गेलेली होळीच्या पुढेमागे परततील. जूनमध्ये लावलेल्या सवयी तेव्हा पुन्हा पहिल्यापासून लावाव्या लागतात. त्यात तुझी चूक काही नाही. आणि शिक्षणसेवकाची, म्हणजे कायम होण्याआधीची तीन वर्षं संपेपर्यंत स्वतःला नापास ठरवायची घाई करू नकोस, ते काम करायला बाकीचे आहेत.

रविवारी फोन कर, शनिवारी मी झोपलेली असते. आणि इतक्या लांब मेसेजमध्ये त्या मुलाचं नाव एकदाही आलेलं नाही, ते आधी सांग.

तुझ्या
चौथीच्या बाई