कमी गुन्ह्यांच्या रस्त्यावर घर घेताना

कोल्हापूरच्या राजारामपुरीतून आपण विचारले आहे की, पत्नी व दोन मुलांसह इंग्लंडमध्ये रीडिंगला जायचे असून भाड्याची दोन घरे पाहून ठेवली आहेत. एक स्थानकाजवळ, दुसरे गावाच्या कडेच्या शांत वस्तीत. पोलिसांच्या नकाशावर पहिल्या घराभोवती गुन्ह्यांचे आकडे कितीतरी अधिक दिसतात, तेव्हा मुलाबाळांसाठी दुसरेच घर सुरक्षित समजावे का? व्हिसा, पगाराची अट, आरोग्य अधिभार यांविषयी सरकारी संकेतस्थळावर सर्व काही आहे, ते मी पुन्हा लिहीत नाही. मी शिवाजी पेठेतला. २०१२ च्या नोव्हेंबरपासून लंडनच्या वायव्येकडील एका उपनगरात राहतो, आणि निघण्यापूर्वी अगदी हाच प्रश्न मी जो भेटेल त्याला विचारत होतो.

आधी नकाशाविषयी. इंग्लंड आणि वेल्समधील पोलिसांचा हा रस्त्यागणिक नकाशा २०११ पासून सर्वांसाठी खुला आहे आणि त्यात महिन्यामहिन्याची नोंद मिळते. मात्र त्यावरचा बिंदू म्हणजे घटनेची नेमकी जागा नव्हे. तक्रारदाराची ओळख उघड होऊ नये म्हणून घटना जवळच्या एखाद्या ठरावीक बिंदूवर दाखवतात. त्यामुळे आपल्या दारासमोर दिसणारी चोरी पलीकडच्या गल्लीतली असू शकते. स्थानकाभोवती सायकलींच्या चोऱ्या, दुकानांतली उचलेगिरी, शनिवारी रात्रीच्या दारुड्यांच्या मारामाऱ्या असे सगळेच जमा होते, आणि तिथे कायम राहणारी माणसे थोडी असल्याने दर हजारी प्रमाण फुगते. दिवाळीच्या आठवड्यात महाद्वार रोडवर जेवढी पाकिटे मारली जातात, त्यांना तिथे राहणाऱ्या कुटुंबांच्या संख्येने भागले, तर कोल्हापुरात पाऊल ठेवायला कोणी धजणार नाही. ‘हिंसा आणि लैंगिक गुन्हे’ हे एकत्र शीर्षक पाहून वहिनी घाबरतील, परंतु त्यात धमकीचे संदेश आणि छळाच्या तक्रारीही येतात. आपण घरफोडी, वाहनचोरी आणि रस्त्यावरची लूट हे तीनच आकडे वेगळे काढावेत आणि वर्षभराचे पाहावेत.

हे मला तेव्हा कळत नव्हते. मी सर्वांत कमी बिंदूंचा रस्ता निवडला आणि स्वतःवर खूष झालो. शाळा ऐन वर्षात मिळवायची तर जिथे जागा शिल्लक असेल तिथे जावे लागते, हे ऐकून होतो. परंतु त्यासाठी राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो आणि तो पुरावा मिळवण्यातच मुलीचे वर्ष बिघडेल, असे स्वप्नातही वाटले नव्हते. प्रवेश कार्यालयाला पालिकेच्या कराचे बिल हवे होते, ते अजून आलेले नव्हते. बँकेला खाते उघडण्यासाठी पत्ता हवा होता. गॅसचे बिल घरमालकाच्या नावावर होते. आमचा भाडेकरार तीन खिडक्यांवर तीन वेळा तपासला गेला. सहा आठवडे मुलगी घरी बसली, आणि त्या काळात दहा मिनिटांच्या अंतरावरच्या शाळेतली एकमेव रिकामी जागा दुसऱ्या कोणाला गेली. त्या खिडकीवरच्या बाईंचा आवाज मला आजही ओळखता येईल.

जी शाळा मिळाली, तिथे जायला दोन बस बदलाव्या लागत. डिसेंबरात तिथे चारच्या आधीच सूर्य मावळतो. म्हणजे नकाशावरच्या निर्धोक रस्त्यावर राहावे, म्हणून माझी अकरा वर्षांची मुलगी रोज संध्याकाळी परक्या चौकात, अंधारात, दुसऱ्या बसची वाट पाहत उभी राहत होती. तिचे काही वाईट झाले नाही. पण ती वर्षभर बसच्या वरच्या मजल्यावर कधी बसली नाही, चालकाच्या मागच्या जागेवरच बसायची, हे तिने मला चोवीसाव्या वर्षी सांगितले. म्हणून घर निवडण्याआधी मुलांच्या शाळेचा रस्ता हिवाळ्यात साडेतीन-चारला कसा दिसतो, ते तिथल्या कोणाला तरी चालून पाहायला सांगा. स्थानकाजवळून शाळा जवळ पडत असेल, तर मी डोळे मिटून तेच घर घेईन.

आता घराविषयी. तिथे पुष्कळ घरांची दारे पांढऱ्या प्लास्टिकच्या चौकटीची असतात. दार ओढले की लागल्यासारखे वाटते, पण मूठ वर उचलून किल्ली फिरवल्याशिवाय आतले अडसर पक्के होत नाहीत. २०१५ च्या दिवाळीत आम्ही मंडळाच्या कार्यक्रमाला गेलो, तेव्हा परसदाराची किल्ली मी फिरवली नव्हती. दिवाळीच्या सुमारास आशियाई घरांतले सोने चोरांच्या डोळ्यांवर असते, असा इशारा तिथले पोलीसही देतात; तो मी वाचलेला होता. आईने आजीच्या पाटल्या मोडून गुजरीत घडवून घेतलेला सोन्याच्या पानड्यांचा कोल्हापुरी साज कपाटात होता. तो गेला. पोलिसांनी फोनवर गुन्ह्याचा क्रमांक दिला, एक जण येऊन बोटांचे ठसे घेऊन गेला आणि काही आठवड्यांनी तपास थांबवल्याचे पत्र आले. विम्यात दागिना वेगळा नोंदवलेला नव्हता आणि पाटल्या मोडल्याची पावती कोणाकडे असणार?

शेजारच्या बाईंनी त्या माणसाला घराच्या कडेने आत जाताना पाहिले होते. आमचा पाहुणा असेल, असे त्यांना वाटले. तीन वर्षांत आम्ही त्यांच्याशी ‘गुड मॉर्निंग’च्या पुढे गेलो नव्हतो, मग आमचे कोण आणि परके कोण, हे त्यांनी कशावरून ओळखावे? आमच्या पेठेत अनोळखी माणूस गल्लीत वळला, तर तालमीच्या कट्ट्यावरून कोणी तरी “कुणाकडं आलाय?” असे विचारतेच. लहानपणी त्या चौकशीचा मला फार राग येई.

एकटेपणाबद्दल आपण विचारलेले नाही. सवय होते, इतकेच सांगतो.

वहिनींचा साज मात्र कोल्हापुरातच ठेवा. आमचा गेल्याचे आईला अजून सांगितलेले नाही. पुढच्या खेपेला आलो तेव्हा हुपरीच्या कारागिराकडून चांदीवर मुलामा दिलेला तसाच साज करून घेतला, आणि पत्नी दर पाडव्याला व्हिडिओवर तो घालून बसते. मागच्या पाडव्याला आईने चष्मा पुसून फोन जवळ घेतला, बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, “पानड्या उजळून घेतल्यास होय गं?” पत्नीने माझ्याकडे पाहिले. मी होय म्हणालो.