चोचीत चोच आणि कासवाचा घोटाळा

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात इंग्रजी शिकवते. एका जुन्या इंग्रजी गोष्टीत नवरा-बायको ‘बिल अँड कू’ करतात आणि नवरा बायकोला ‘माय टर्टल’ म्हणतो. कोशात ‘बिल’ म्हणजे देयक आणि ‘टर्टल’ म्हणजे कासव. मुलांना काय सांगावे?
– एक शिक्षिका

उत्तर : येथे कोशातील पहिला अर्थ घेऊन चालणार नाही. ‘बिल’ म्हणजे चोच आणि ‘कू’ म्हणजे पारव्याचे किंवा होल्याचे घुमणे. आपल्या शाळेच्या कवेलूंवर होल्यांची जोडी बसत असेलच. ती सकाळी थोडा वेळ मुलांना पाहू द्यावी. नर मान फुगवून, वाकून वाकून घुमतो, मग दोघे चोचीत चोच घालतात. पिल्लू आईबापाच्या चोचीत चोच खुपसून चारा मागते, जवळपास तसेच मादी येथे नराकडे मागते आणि तो कधी कधी तिला खरोखरच घास भरवतो. हे पाहूनच इंग्रजांनी प्रेमिकांच्या लाडिक कुजबुजीला हा वाक्प्रचार लावला. आपल्याकडील ‘गुलूगुलू बोलणे’ त्याला फार जवळचे आहे. त्यात चोच नसली तरी घुमण्याचा नाद पुरेपूर उतरला आहे.

‘टर्टल’चे मूळ लॅटिन ‘टुर्टुर’ या शब्दात आहे आणि तो शब्द होल्याच्या आवाजावरूनच घडलेला आहे. इ. स. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये वसंताच्या वर्णनात ‘टर्टल’चा आवाज ऐकू येतो, तो होल्याचाच होय; कासवाला हे नाव सतराव्या शतकात रूढ झाले. पुढे गोंधळ टळावा म्हणून पक्ष्याला ‘टर्टल डव्ह’ म्हणणेच पक्के झाले.

‘लव्हबर्ड्‌स’ असेही इंग्रजीत प्रेमिकांना म्हणतात; ते पक्षी मात्र आफ्रिकेतील छोटे पोपट. जोडीने अंगाला अंग लावून बसतात, म्हणून ते नाव. त्या जागी मराठीत ‘राघू-मैना’ सहज बसते. राघू पोपट आणि मैना साळुंकीच्या कुळातली, अशी जात निराळी असूनही आपल्या लोकगीतांनी त्यांचा संसार मांडून दिला, याचे मला फार अप्रूप वाटते.

म्हणून ‘माय टर्टल’चे भाषांतर ‘माझी मैना’ असे खुशाल करावे. पक्षी बदलेल, पण नवऱ्याच्या हाकेतला लाड मुलांना लगेच कळेल.