बागेसाठी वर्गणी नको, यादी ठेवा

या वेळची पत्रे जवळपास एकाच विषयावरची आहेत: कॉलनीतल्या मोकळ्या जागेवर बाग करायची आहे, पैसा कसा उभा करायचा?

प्रश्न (लातूर): घरटी हजार रुपये वर्गणी ठरवली, निम्म्या घरांनीही दिली नाही. ‘गिफ्ट कॅटलॉग’ची, म्हणजे देणगीत देता येतील अशा वस्तूंची किमतीसह यादी काढायची पद्धत आपल्याकडे चालेल का?

उत्तर: नक्की चालेल. अमेरिकेत अनेक शहरांचे उद्यान विभाग अशी यादी काढतात. बाक, झाड, घसरगुंडी, प्रत्येकापुढे किंमत. देणाऱ्याने ऐपतीप्रमाणे निवडायचे. शाळेला पंखा, देवळाला घंटा देणाऱ्या आपल्या लोकांना हे नवे नाही. वर्गणी मागितली की माणूस टाळतो. वडिलांच्या वर्षश्राद्धाला एक बाक द्याल का, असे विचारले की तो जागा बघायला येतो. मात्र यादीत दोनशे रुपयांचीही वस्तू हवी, नाहीतर ती चार मोठ्या घरांचीच होते. यादी दसऱ्याच्या सुमारास काढा. सोयाबीनचा पैसा तेव्हा हाती येऊ लागतो आणि पुण्या-मुंबईला गेलेली मुले दिवाळीला गावी येतात.

प्रश्न (बीड): झाडाची किंमत ३०० रुपये ठेवली. ५० झाडांचे पैसे लगेच जमले. लावायला सुरुवात करावी ना?

उत्तर: थांबा. ३०० रुपयांत रोप येते, खड्डा होतो, फार तर साधे कुंपण. झाड त्यात येत नाही. आपल्या भागात रोपाला निदान तीन उन्हाळे पाणी घालावे लागते. आठवड्यातून दोनदा २० लिटर धरा. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत साधारण १८ आठवडे, म्हणजे एका झाडाला एका उन्हाळ्यात ७२० लिटर. ५० झाडांना ३६,००० लिटर, म्हणजे सहा हजार लिटरचे सहा टँकर, आणि हे तीन वर्षे. तुमच्याकडचा टँकरचा भाव, पाणी घालणाऱ्याची मजुरी आणि मेलेल्या रोपांच्या जागी नवी रोपे, हे सगळे धरून किंमत पुन्हा काढा. ती बरीच वाढेल. वाढू द्या. ज्यांनी ३०० दिले त्यांना हिशेब दाखवून ‘एका उन्हाळ्याचे पाणी’ ही वेगळी देणगी मागा. माझ्या मते मराठवाड्यातल्या यादीत ती सगळ्यात वर हवी. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते, म्हणून हिरवळीची देणगी मागूच नका. कडुनिंब, करंज, वड, पिंपळ मागा.

प्रश्न (परभणी): आमच्या मंडळाची नोंदणी नाही. पावती देता येईल का? करसवलत मिळेल का?

उत्तर: जागा नगरपालिकेची किंवा महापालिकेची असेल तर आधी तिची लेखी परवानगी. नोंदणी नसताना लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळे घेतात तीच. लोक जिला ‘८०जी’ म्हणतात ती प्राप्तिकरातली सवलत मात्र त्यासाठी मान्यता मिळालेल्या संस्थेलाच दिलेल्या देणगीवर मिळते. तिथेही दोन हजारांवरची रोख देणगी चालत नाही, वस्तुरूप देणगी चालत नाही आणि देणाऱ्याने नवी करप्रणाली निवडली असेल तर काहीच मिळत नाही. हे सगळे यादीवरच छापा.

प्रश्न (नांदेड): एक व्यापारी प्रवेशद्वार देतात, पण बागेला त्यांच्या वडिलांचे नाव हवे.

उत्तर: प्रवेशद्वारावर पाटी लावा, बागेचे नाव देणे तुमच्या हातात नाही. जागा ज्या संस्थेची, तिचा तो निर्णय. पाटीचा आकार सर्वांना सारखा आणि वस्तू टिकेल तोवरच पाटी, हे यादीत आधीच लिहिले असते तर आज ही अडचण आली नसती.

प्रश्न (जालना): शेजारचे काका जुना लोखंडी झोका देत आहेत. घ्यावा का?

उत्तर: नको. गंजलेल्या जोडावर लेकरे बसवू नयेत. काकांना नाही म्हणणे जड जात असेल, तर नव्या झोक्याखाली टाकायच्या वाळूची यादीतली ओळ त्यांच्यापुढे ठेवा.