वय 36, मराठी माध्यम, मुक्त विद्यापीठाची बी.ए.: तीन वर्षांच्या एलएलबीची सीईटी क्लासशिवाय निघेल का?

ताई, तुम्ही लिहिलंय की ओळखीच्या एका वकिलांनी ‘मराठी माध्यमवाल्यांनी क्लास लावल्याशिवाय या भानगडीत पडू नये’ असं सांगितलं आणि तेव्हापासून फॉर्म भरायचा की नाही, यातच तुमचा महिना गेला. हे वाक्य मीही ऐकलेलं आहे. म्हणून उद्या कोर्टात लागणाऱ्या खटल्यांचे कागद बाजूला ठेवून लिहायला बसले.

आधी उत्तर. निघते. क्लास न लावता निघते. मी 2019 साली काढली, तेव्हा 33 वर्षांची होते, आणि आज सांगली जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात वकिली करते. वयाचं मनातून काढून टाका. तीन वर्षांच्या एलएलबीला तिशीची अट बार कौन्सिलने घातली होती, तिला सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये स्थगिती दिली. माझ्या वर्गात एक निवृत्त मुख्याध्यापक होते आणि पहिल्या बाकावर बसायचे. कोणीतरी तुम्हाला क्लॅट द्या म्हणतंय, तेही सोडा. क्लॅटवर राष्ट्रीय विधी विद्यापीठांचा पाच वर्षांचा कोर्स आणि एलएलएम मिळतं. पदवीनंतरच्या तीन वर्षांसाठी आपली राज्याची सीईटीच.

आता माझं सांगते. मी 2007 पासून एका वकीलसाहेबांकडे टायपिस्ट होते. टायपिंगची मराठी 40, इंग्रजी 40 शब्दांची सर्टिफिकेटं होती, त्यावर नोकरी लागली. अकरा वर्षं दावे, कैफियती, मुदतीचे अर्ज, वकीलपत्रं टाइप केली. हिरव्या लेजर पेपरवर मार्जिन किती सोडायचं, दस्तऐवज यादी कुठे जोडायची, निशाणी 5 चा, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा, अर्ज आला की प्रथमदर्शनी केस, सोयीचा समतोल आणि भरून न येणारं नुकसान हे तीन परिच्छेद कसे बसवायचे, हे मला न सांगता यायचं. साहेब मजकूर अर्धवट सांगून कोर्टात पळायचे, उरलेला मी पुरा करायचे. ते परत येऊन सही करायचे. बऱ्याचदा न वाचता.

2017 च्या डिसेंबरात मी त्यांना म्हटलं, साहेब, मी लॉची सीईटी देते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, ‘बाई, टायपिंग येतं म्हणजे कायदा येतो असं नाही. आणि सीईटी हा इंग्रजीचा खेळ आहे. आमच्या भाच्याने पुण्यात क्लास लावला तेव्हा कुठे झालं.’ समोर दोन पक्षकार बसले होते. मी काही बोलले नाही, हातातली कैफियत पुरी केली. पण ते वाक्य मी दोन वर्षं डोक्यात घेऊन फिरले.

इंग्रजीची भीती खोटी नाही, हे आधी मान्य करते. आमच्या वेळी 150 प्रश्नांत 50 इंग्रजीचे होते. आता पेपर 120 चा झालाय, त्यात 40. म्हणजे तेव्हाही तिसरा हिस्सा, आताही तिसरा हिस्सा. पण उरलेले दोन हिस्से मराठीत वाचता येतात, हे कोणी सांगत नाही. आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा आणि राहिलेल्या सगळ्यांवर काही ना काही टिक करा.

इंग्रजीसाठी मी वेगळं पुस्तक आणलं नाही. ऑफिसात इंग्रजी निकालपत्रांचे गठ्ठे होते. रोज एक पान घरी न्यायचं आणि रात्री भाकऱ्या झाल्या की ओट्याशीच उभं राहून मोठ्याने वाचायचं. अडलेला शब्द पेन्सिलीने खाली लिहायचा. पहिल्या महिन्यात पानावर तीस-चाळीस शब्द अडायचे, मार्चपर्यंत पाच-सहा. निकालपत्रातली वाक्यं लांबलचक असतात, एकेक वाक्य आठ ओळींचं. त्यांची सवय झाल्यावर परीक्षेतला उतारा छोटा वाटतो. शब्दयोगी अव्ययं, समानार्थी शब्द, वाक्यातली चूक शोधणं, यासाठी मागच्या वर्षांचे प्रश्न सोडवले, एवढंच.

मला खरा फटका बसला तो इंग्रजीत नाही, कायद्याच्या भागात. साहेबांच्या वाक्याचा अर्धा भाग बरोबर निघाला, हेही लिहायला हवं. पहिल्या सराव पेपरात कायद्याच्या 30 पैकी 13 आले. अकरा वर्षं कोर्टाचे कागद हाताळलेल्या बाईला 13! दोन दिवस तो पेपर समोर घेऊन बसले, तेव्हा लक्षात आलं. एक प्रश्न असा होता. वर नियम दिलेला: दोघांची संमती आणि प्रतिफल असेल तर संविदा होते. खाली हकीकत: एकाने दुसऱ्याला शेत विकायचं तोंडी ठरवलं आणि पाच हजार विसार घेतला. संविदा झाली का? मी ठोकून दिलं, नाही. का, तर जमिनीला नोंदलेलं खरेदीखत लागतं, हे रोज बघत होते. पण खरेदीखत ही पुढची पायरी. विकण्याचा करार वेगळा, विक्री वेगळी. आणि प्रश्नाने विचारलं होतं ते वरच्या नियमापुरतं. दिलेला नियम लावायचा, आपल्याकडची माहिती त्यात ओतायची नाही. हे कळलं आणि पुढच्या पेपरात 13 चे 22 झाले. तुम्ही कोर्टाच्या आसपास काम केलेलं नाही, म्हणजे या बाबतीत माझ्यापेक्षा मोकळ्या आहात.

पेपरातली मराठीही कोर्टातल्या मराठीपेक्षा वेगळी असते. आम्ही करार म्हणतो, तिथे संविदा असते. आम्ही मोबदला म्हणतो, तिथे प्रतिफल. टॉर्टला अपकृत्य. मराठी प्रश्न कळला नाही तर इंग्रजी वाचायचा, इंग्रजी कळला नाही तर मराठी. दोन्ही समोर असतात. इंग्रजी माध्यमवाल्याला मराठी आवृत्तीचा फारसा उपयोग नाही, आपल्याला दोन्हींचा आहे. आणि घरात जुनी पुस्तकं असतील तर फौजदारीचा भाग बाजूला ठेवा. 1 जुलै 2024 पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. खुनाचं कलम 302 आता 103 झालं आणि फसवणुकीचं 420 आता 318. उजळणी करायची ती नव्या आकड्यांची. संविधान मात्र तेच आहे. अनुच्छेद 14, 19, 21, 32, 226, बेचाळिसावी आणि चव्वेचाळिसावी घटनादुरुस्ती, केशवानंद भारती खटला, एवढं तोंडपाठ हवंच.

2018 च्या सीईटीत मला 88 गुण आले आणि प्रवेश मिळाला नाही. लोकांना वाटतं, गुण कमी पडले. तसं नाही. मी ओबीसी. नॉन-क्रिमीलेअरचा दाखला होता, पण त्याची मुदत त्याच वर्षी 31 मार्चला संपलेली. सायबर कॅफेतल्या मुलाने तोच अपलोड केला आणि मीही तारखेकडे बघितलं नाही. तपासणीत तो बाद झाला आणि मी खुल्या गटात गेले. नवा काढायला एका सरकारी कार्यालयात गेले, तर तिथले कारकून म्हणाले, नवऱ्याच्या उत्पन्नाचा दाखला आणा. मी म्हटलं, नॉन-क्रिमीलेअरला आईवडिलांचं उत्पन्न धरतात, नवऱ्याचं नाही. ते म्हणाले, ‘लग्न झाल्यावर माहेरचं काय धरायचं?’ ताई, या विषयावरचा अर्ज मी एका पक्षकाराच्या मुलीसाठी स्वतः टाइप केलेला होता. नियम मला माहीत होता. तरी चार खेपा झाल्या.

त्यातून नावाचा घोळ. दहावी-बारावी माहेरच्या नावाने, जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र माहेरच्या नावाने, बी.ए.ची पदवी सासरच्या नावाने, आणि आधारवर इंग्रजी स्पेलिंगात शेवटचा ‘ए’ नाही. त्या टेबलावर माझे चार कागद शेजारी शेजारी मांडले होते आणि ते गृहस्थ विचारत होते, ‘यातल्या तुम्ही कोण?’

वडील तेव्हा सत्तरीचे. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी ते तलाठ्याकडे दोनदा गेले, तिसऱ्यांदा एसटीने माझ्याकडे आले. धोतराच्या सोग्यात बांधलेली प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात घडी घातलेला सातबारा, रेशनकार्ड, आणि माझ्या शाळेचा सोडल्याचा दाखला, जो मी हरवला असं धरून बसले होते. त्यांनी तो पंचवीस वर्षं ट्रंकेत जपून ठेवलेला. कागद काढून देताना म्हणाले, ‘हे बघ, जन्मतारीख नीट हाय का.’ तोपर्यंत त्या वर्षीच्या मुदती संपल्या होत्या.

म्हणून तुम्हाला सांगते, अभ्यासाच्या आधी कागद. आज रात्री सगळे काढून पलंगावर पसरा आणि नाव, स्पेलिंग, तारीख एकेक करून जुळवा. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र नसेल तर काढा. नाव बदललं असेल तर राजपत्रात छापून घ्या, त्याला वेळ लागतो. शिक्षणात खंड आहे, तर गॅपचं प्रतिज्ञापत्र लागेल. आरक्षणातून जाणार असाल तर वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर आधी, सराव पेपर नंतर. खुल्या गटात असाल तर पदवीला 45 टक्के आहेत ना, तेवढं बघा. ओबीसींना 42, अनुसूचित जाती-जमातींना 40. फॉर्म स्वतः भरा, कॅफेत बसलात तरी माउस तुमच्या हातात ठेवा.

कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेरीत पसंतीक्रम भरताना मी पहिल्या वर्षी घराजवळची दोनच कॉलेजं टाकली होती. तो मूर्खपणा होता. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय 1855 चं, पुण्याचं आयएलएस 1924 चं. तिथे गुण जास्त लागतात, पण त्या दोघांपलीकडेही कॉलेजं आहेत. रोज एसटीने जाऊन येता येतील तेवढी सगळी, खऱ्या पसंतीच्या क्रमाने टाका. किती गुण लागतील, हे तुम्ही विचारलंय. ते कॉलेज, गट आणि वर्ष यांवर हलतं. मागच्या वर्षांच्या याद्या सीईटी सेलच्या संकेतस्थळावर आहेत, त्यात आपला गट बघा. 2019 ला मला 97 आले आणि सांगलीत पहिल्याच फेरीत जागा मिळाली.

साहेबांना पेढे द्यायला गेले तेव्हा ते म्हणाले, ‘नशीब लागतं.’ नशीब नाही. ओट्याशी उभं राहून वाचलेली निकालपत्रं होती. क्लासवाले जे देतात ते तीन गोष्टींचं मिश्रण: जुने प्रश्न, वेळ लावून सराव आणि चालू घडामोडींची टिपणं. तिन्ही घरी करता येतात. एक चांगलं मराठी वर्तमानपत्र रोज वाचा आणि वहीत चार ओळी लिहा. आठवड्यातून एकदा घड्याळ लावून दोन तास पूर्ण पेपर सोडवा. त्या दोन तासांत घरातल्या कोणी हाक मारायची नाही, हे आधीच सांगून ठेवा. मी दाराला आतून कडी घालायचे.

आणि ‘मराठीवाल्याने वकील होऊन काय करायचं’ हा प्रश्नही तुमच्या त्या वकिलांनी विचारलाच असेल. 1998 पासून आपल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. साक्ष मराठीत, उलटतपास मराठीत. माझी पक्षकार जेव्हा ‘बांधावरनं पाय घातला’ म्हणते तेव्हा तिला काय म्हणायचंय, ते मला लगेच कळतं. उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे, हे खरं. पण 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात त्याचं सर्किट बेंच सुरू झालंय, आमच्या सहा जिल्ह्यांना मुंबईची रात्रीची गाडी पकडायला लागत नाही. मी तिथे आतापर्यंत दोनदा इंग्रजीत म्हणणं मांडलंय. ते इंग्रजी टायपिंग करतानाच शिकले.

काही गोष्टी मात्र माझ्या बाजूच्या होत्या. मला कोर्टाची भाषा आधीपासून कानावर होती, सासूबाईंनी परीक्षेच्या आधीचे दोन महिने स्वयंपाक हातात घेतला, आणि मिस्टर कारखान्यात कायम नोकरीला होते. घरी बसून शिस्त लागत नसेल, आजूबाजूला विचारायला कोणी नसेल, तर क्लास लावा, त्यात कमीपणा नाही. फक्त कर्ज काढून लावू नका. तीन वर्षांची फी, पुस्तकं, रोजचा प्रवास अजून पुढे आहे. वर्गात 70 टक्के हजेरी लागते, हा कोर्स टपालाने होत नाही. आणि पूर्णवेळ पगारी नोकरी ठेवून सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, चालवता येत नाही, त्यामुळे पहिली एक-दोन वर्षं घरात पैसा कुठून येणार, ते आत्ताच बोलून घ्या. सनदेची नोंदणी फी तेवढी आवाक्यात आली आहे. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खुल्या गटाला 750 आणि अनुसूचित जाती-जमातींना 125 रुपये ठरवून दिले.

एक विचारायचं राहिलं, आणि ते सगळ्यात आधी विचारायला हवं होतं. तुमची बी.ए. मुक्त विद्यापीठाची आहे. माझीही यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचीच, त्याने काही अडलं नाही. पण मी बारावी पास होऊन तिथे गेले होते. तुम्ही बारावी केली होती का, की पूर्वतयारीची परीक्षा देऊन थेट बी.ए.ला बसलात? बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांप्रमाणे दहावी-बारावी न करता थेट मुक्त विद्यापीठातून घेतलेली पदवी एलएलबीच्या प्रवेशाला चालत नाही. आमच्या बॅचच्या वेळी एक बाई सीईटीत चांगले गुण घेऊन या एका कारणावरून परत गेल्या. तसं असेल तर क्लासचे काय, फॉर्मचेही पैसे आत्ता भरू नका, आधी बारावीचं बघा. बारावी झालेली असेल, तर खाली कळवा. माझ्याकडे मागच्या वर्षांच्या प्रश्नांची एक फाइल आहे, ती पाठवते.