क्रिएटिनिन 1.8 आहे, पाळी अनियमित आहे. मला मूल होऊ शकेल का?

ताई, क्रिएटिनिन वाढलंय म्हणजे किडनी मंदावलीय, तरी होऊ शकतं. पण तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्याने मला धडकी भरली: "पाळी दोन-दोन महिने येत नाही, त्यामुळे आम्ही काही वापरत नाही." आणि खाली औषधांत टेल्मिसार्टन, ही बीपीची गोळी.

किडनी मंदावली की प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रक्तात साठतं, मेंदूकडून बीजकोशाला जाणारा इशारा बिघडतो, बीज वेळेवर सुटत नाही आणि पाळी लांबते. तरी मध्येच एखाद्या महिन्यात बीज सुटतंच, आणि तो महिना कुठला हे आधी कळत नाही. बरं, पाळी चुकायची सवयच झालेली, त्यामुळे दिवस गेलेत हेही उशिराच लक्षात येतं. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल या गोळ्या चौथ्या महिन्यापासून पुढे पोटात गेल्या तर बाळाच्या किडन्यांवर परिणाम होतो, गर्भजल कमी होतं. पण म्हणून घाबरून आजच गोळी बंद करू नका हं! लघवीतलं प्रोटीन तीच रोखून धरतेय. दिवस राहण्याआधी लॅबेटॅलॉल किंवा निफेडिपिन या बीपीच्या दुसऱ्या गोळ्यांवर कसं जायचं, ते नेफ्रॉलॉजिस्ट (किडनीचे डॉक्टर) ठरवतील. तोवर कॉपर-टी किंवा कंडोम. बीपी आणि प्रोटीन असताना नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणू नका.

मी हे सगळं आयजीए नेफ्रोपथी हा किडनीचा आजार, डायलिसिस आणि नंतर आईची किडनी अशा वाटेने शिकले. डायलिसिसवर पाळी जवळपास बंदच होती. ट्रान्सप्लांटनंतर काही महिन्यांतच सुरळीत झाली, तेव्हा मी रडले होते. डॉक्टरांनी मात्र लगेच बजावलं, निदान एक वर्ष थांबायचं. नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून मायकोफिनोलेट चालू होतं, त्याने गर्भपात आणि बाळात व्यंग यांचा धोका वाढतो. ते दिवस राहण्याआधी किमान 6 आठवडे बंद असावं लागतं. माझं आधीच बदलून अ‍ॅझाथायोप्रिन दिलं, टॅक्रोलिमस चालू ठेवलं; हीही त्याच कामाची औषधं. मुलगी आता शाळेत जाते. ही काही आजची जादू नाही. अमेरिकेत एडिथ हेल्म यांना जुळ्या बहिणीची किडनी बसवली होती, त्यांना 1958 मध्येच मुलगा झाला.

तुमचं वय 29, क्रिएटिनिन 1.8, म्हणजे ईजीएफआर (किडनीचा रक्त गाळण्याचा वेग) साधारण 39. स्पष्टच सांगते, ही कसरत आहे. गरोदरपणात निरोगी किडनी नेहमीपेक्षा जवळजवळ दीडपट काम करते. तुमच्या किडनीकडे तेवढी शिल्लक नाही. बीपी चढणं, बाळ लवकर आणि कमी वजनाचं जन्मणं, आणि बाळंतपणानंतर क्रिएटिनिन खाली न येणं, हे तिन्ही धोके खरे आहेत. बीपी आटोक्यात आणि प्रोटीन कमी असेल तर चित्र बरंच बदलतं. मूळ आजार कुठला, हे तुम्ही लिहिलंच नाही. ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) असेल तर तो किमान 6 महिने शांत हवा, आणि त्यासाठी सायक्लोफॉस्फामाइड हे औषध घेतलं असेल तर एएमएच, म्हणजे बीजांचा साठा किती उरलाय ती रक्ततपासणी, करून घ्या, कारण ते औषध बीजकोशाला मारतं. पॉलिसिस्टिक किडनी (किडनीत गाठी होण्याचा आनुवंशिक आजार) असेल तर मुलात ती उतरण्याची शक्यता निम्मी.

"आधी डायलिसिस लागू दे, मग बघू" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. डायलिसिसवरही मुलं होतात, पण टोरांटोच्या 2014 च्या अभ्यासात ज्यांचं डायलिसिस आठवड्याला 36 तासांहून जास्त होतं त्यांच्यात सुमारे 85 टक्के बाळं जिवंत जन्मली, 20 तास किंवा कमी असलेल्यांत 48 टक्के. आपल्याकडे चार-चार तासांच्या दोन-तीन खेपा मिळतानाच मारामार.

तेव्हा नेफ्रॉलॉजिस्ट आणि जोखमीच्या गरोदरपणाचा अनुभव असलेल्या स्त्रीरोगतज्ज्ञ, दोघांना एकाच महिन्यात भेटा. बायोप्सीचा रिपोर्ट, लघवीतल्या प्रोटीनचे जुने आकडे आणि घरी लिहिलेल्या बीपीची वही घेऊन जा. दिवस राहिले तर 12 व्या आठवड्यापासून कमी डोसची अ‍ॅस्पिरिन देतात, ते आठवणीने विचारा.

सासूबाईंनी आणलेल्या काढ्याचं म्हणाल, तर गोड बोलून टाळा. काय मिसळलंय ते न कळणाऱ्या पुड्या आणि काढे आपल्या किडनीला परवडत नाहीत.

आणि एवढ्या लांबलचक प्रश्नात मिस्टरांच्या वीर्यतपासणीचा कुठे उल्लेख नाही. ती साधी तपासणी आहे. आधी ती करून घ्यायला सांगा.